चाचणीपुरती सरळ गाडी नको

वाचकहो, या देशात सामान्य माणूस आपल्या घरच्या गॅरेजमध्ये मोटार बांधू शकतो आणि कायद्याने ती रस्त्यावर आणू शकतो. किट कारचा हा छंद आता आपल्या घरांतही आला आहे. काही ठिकाणी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी तो आणला, काही ठिकाणी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या काकांनी. दिवाळीपासून मार्चपर्यंत या गाड्यांचा मुक्काम गॅरेजमध्ये असतो. बाहेर पाऊस आणि मीठ टाकलेले रस्ते, म्हणून बरेच जण सॉर्न जाहीर करून गाडी आत ठेवतात. मग हात शिवशिवू लागतात. ‘पुढची बाजू थोडी खाली बसवू’, ‘रुंद चाके घालू’, ‘स्टिअरिंग जड आहे, कास्टर कमी करू’, अशा गप्पा सुरू होतात.

माझे म्हणणे असे आहे. हे बदल जरूर करा, पण मोजून करा. आणि गाडीची भूमिती सरकारी चाचणीपुरती सरळ करू नका. परीक्षेपुरता अभ्यास करण्याची आपल्याला चांगली सवय आहे. गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये ती सवय जिवावर बेतू शकते, आणि तो जीव आपलाच असेल असे नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्यातल्या अनेकांना ही परंपरा ठाऊक नसते. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला तरुण. १९४८ साली त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनची मोडतोड करून पहिली गाडी बांधली. पुढे त्याच्या लोटस कंपनीने मार्क सिक्स ही गाडी सुट्या भागांत विकली आणि १९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. त्या काळी तयार मोटारीवर परचेस टॅक्स लागे, सुट्या भागांच्या गाडीवर लागत नसे. म्हणून घेणारा घरीच जुळणी करी. १९७३ मध्ये व्हॅट आला, ही करसवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. ती गाडी आजही सुट्या भागांत मिळते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचे पुस्तक आले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि घरी वेल्ड केलेली चौकोनी नळ्यांची चासी, अशी त्याची कृती. ‘लोकॉस्ट’ नावाने अशा गाड्या देशभर तयार झाल्या.

बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याची वाटही ठरलेली आहे. १९९८ पासून एसव्हीए आणि २००९ पासून आयव्हीए चाचणी. परीक्षक गाडीचे दिवे, ब्रेक, सीटबेल्ट, टोकदार कडा आणि स्टिअरिंग तपासतो. उत्तीर्ण झालात की नोंदणी करून नंबर मिळतो.

ही वाट किती मोलाची आहे हे महाराष्ट्राकडे पाहिले की कळते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी, स्वस्त मोटार तयार केली, वर्षानुवर्षे तिचे नवे नमुने बांधले. ती कारखान्यात मोठ्या संख्येने कधी बनली नाही. अगदी अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून मुलांसाठी जीपसारखी गाडी बांधली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी ती थांबवतील. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला ती मिळालीही. गोष्ट गोड आहे. पण हुशार कारागिराची गाडी शेवटी रस्त्यावर आलीच नाही, हेही तिच्यात आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना फार थोडी जागा देते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. लोहारांच्या हातात कसब होते. ते तपासून ‘हे सुरक्षित आहे’ किंवा ‘इथे सुधारणा हवी’ असे सांगणारी वाट त्यांना नव्हती. आपल्याला इथे ती आहे. म्हणूनच तिचा उपयोग आपण कसा करतो याला महत्त्व आहे.

आता मूळ मुद्दा. या हलक्या गाड्यांच्या पुढच्या प्रत्येक चाकाला बहुधा दोन विशबोन असतात, एक वर, एक खाली. दोन्हींच्या टोकांना बॉल जॉइंट, आणि त्यांच्यामध्ये चाक धरणारा अपराइट. तिसरा दांडा स्टिअरिंग रॅककडून येतो, तो टाय रॉड. चाक कसे उभे राहील, कुठे वळेल आणि खड्ड्यात काय करेल हे या तिघांच्या लांबीवर आणि कोनांवर ठरते. यात दहावीपर्यंतच्या भूमितीपलीकडचे फारसे काही नाही.

पहिला कोन कास्टर. गाडीकडे बाजूने पाहा. खालचा आणि वरचा बॉल जॉइंट जोडणारी रेघ वरच्या टोकाला किंचित मागे कललेली असते. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल आठवा. हात सोडून सायकल सरळ जाते त्यात त्या कलाचा मोठा वाटा असतो. कास्टर पुरेसा असेल तर वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होते. कमी असेल तर ते जिथे सोडाल तिथे राहते, आणि मोटरवेवर गाडी सतत सांभाळावी लागते. या गाड्यांचे नाक हलके असते, त्यामुळे मोठ्या गाडीत चालून जाणारी कास्टरची कमतरता इथे लगेच जाणवते. कास्टर फार वाढवला तर मात्र स्टिअरिंग जड होते. म्हणजे जडपणा कमी करायला कास्टर काढायचा आणि सरळपणा गमवायचा, असा हा सौदा आहे.

दुसरा कोन कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत झुकला आहे की बाहेर, हे तो सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाचा टायर रस्त्यावर सपाट टेकावा म्हणून माथा थोडा आत ठेवतात. जास्त आत गेला तर टायरची आतली कड झिजते आणि सरळ ब्रेक मारताना पकड घटते.

आकडे किती लहान आहेत ते पाहा. समजा दोन बॉल जॉइंटमधले उभे अंतर २३० मिलिमीटर आहे. वरचा जॉइंट ४ मिलिमीटर आत सरकवला की कॅम्बर १ अंशाने बदलतो. तोच जॉइंट ४ मिलिमीटर मागे नेला की कास्टर १ अंशाने वाढतो. वरच्या विशबोनला १.५ मिलिमीटर पिचचे आटे असतील, तर जॉइंटचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.३७ अंश. ‘जरासा फिरवला’ याचा अर्थ असा मोजता येतो. डोळ्याला हा फरक दिसत नाही, गाडीला मात्र तो लगेच कळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, ती म्हणजे बम्प स्टिअर. खड्ड्यावरून जाताना चाक वर उचलले जाते. विशबोनची टोके एका कमानीत फिरतात, टाय रॉडचे टोक दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत तर टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो, आणि तुम्ही स्टिअरिंग स्थिर धरलेले असतानाही चाक वळते. कंपासने दोन वर्तुळे काढून पाहा. त्रिज्या सारखी असली तरी केंद्र सरकले की कमानी एकमेकींपासून दूर जातात.

सोपे करून हिशेब मांडू. टाय रॉड ३०० मिलिमीटर, आडवा, आणि ज्या विशबोनशी तो जुळायला हवा तोही तेवढाच. चाक ५० मिलिमीटर वर गेले की दोघांची टोके ४.२ मिलिमीटर आत येतात. दोघे बरोबर चालतात, चाक वळत नाही. आता इंजिनाला जागा हवी म्हणून रॅक १० मिलिमीटर खाली बसवला. तेवढ्याच उसळीत टाय रॉडचे टोक ५.९ मिलिमीटर आत येते. फरक १.७ मिलिमीटर. स्टिअरिंग आर्म ११० मिलिमीटरचा असेल तर चाक जवळपास ०.९ अंश आपोआप वळले. सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. ओल्या, उंचसखल वळणावर, समोरून गाडी येत असताना, तो लागतो.

गाडी खाली बसवणे यातच मोडते. स्प्रिंगची बैठक खाली फिरवली की विशबोन आणि टाय रॉड दोघांचे कोन बदलतात, कॅम्बर बदलतो, आणि उरलेला खालचा प्रवासही कमी होतो. रुंद चाकांचेही तसेच. ऑफसेट वेगळा असलेले रिम घातले की टायरचा मध्य वळण्याच्या अक्षापासून दूर जातो, आणि प्रत्येक खड्डा हातात जाणवू लागतो. एकच गोष्ट बदलायची होती, बदलल्या चार.

आता चाचणीकडे येऊ. आयव्हीएमध्ये परीक्षक गाडी चालवत स्टिअरिंग वळवून सैल सोडतो आणि ते सरळ होण्याकडे झुकते का ते पाहतो. अनेक घरबांधणीच्या गाड्या इथे अडखळतात. मग युक्त्या सुरू होतात. टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरायची, टो त्या दिवसापुरता बदलायचा, उंची वाढवून ठेवायची. प्रमाणपत्र हातात आले की घरी येऊन सगळे परत फिरवायचे. उत्तीर्ण झालेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी या दोन वेगळ्या गाड्या झाल्या. त्यातली दुसरी कोणीही तपासलेली नाही.

यावर ठरलेले उत्तर असते, ‘दरवर्षी एमओटी होतेच की.’ एमओटीत सांध्यांची ढिलाई, गंज, टायर, ब्रेक पाहतात. तुमचा कास्टर किती अंश आहे किंवा बम्प स्टिअर किती आहे हे तिथे कोणी मोजत नाही. दुसरे उत्तर, ‘शर्यतीतले लोक असेच करतात.’ ते करतात, पण ते मोजतात, वहीत लिहितात, ट्रॅकवर तपासतात. त्यांचा आकडा उचलायचा आणि मोजमाप मागे ठेवायचे, ही नक्कल झाली. तिसरे उत्तर, ‘अलाइनमेंट सेंटरला दाखवली.’ चांगले केले. पण तिथले यंत्र उभ्या गाडीचे कोन सांगते. चाक वरखाली होताना काय घडते ते घरीच मोजावे लागते. आणि शेवटी, बदल केल्यावर विमा कंपनीला कळवले नसेल तर अपघातानंतर हा विषय गॅरेजपुरता राहत नाही.

मग करायचे काय? साधने महाग नाहीत. आपल्या गवंड्याकडचा ओळंबा, सुताराचा गुण्या, पाणसळ आणि सुतळी एवढ्यावर बहुतेक काम होते.

गाडी सपाट जागी उभी करा. गॅरेजची फरशी उताराची असेल तर चाकांखाली फरशीचे तुकडे सारून चारही ठिकाणे एका पातळीत आणा. चालकाच्या सीटवर वजन ठेवा. दहा किलो तांदळाच्या सात पिशव्या म्हणजे सत्तर किलो, आपल्या घरांत एवढी सोय असतेच. टायरमध्ये रोजची हवा भरा, चाचणीची नको.

चाकाशेजारी ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजा. कडांमध्ये ३५० मिलिमीटर असतील तर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ अंश कॅम्बर. टो मोजायला गाडीच्या दोन्ही अंगांना, मध्यरेषेला समांतर, सुतळी ताणा. बम्प स्टिअरसाठी गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नको. स्प्रिंग काढा, रॅक मध्यावर घट्ट धरा, हबला एक सरळ फळी बांधा, आणि चाक १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी वर-खाली करत फळीची पुढची व मागची कड किती सरकते ते लिहीत जा. दोन तासांचे काम आहे.

यानंतरच पाना उचला. एका वेळी एकच बदल करा, पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. रॉड एंडचे आटे आत पुरेसे गुंतलेले हवेत, निदान व्यासाच्या दीडपट, आणि चेकनट आवळलेला. स्टिअरिंग आर्म तापवून वाकवू नका, अपराइटवर वेल्डिंग करू नका. नेमका आकडा काय ठेवायचा हे किट बनवणाऱ्याला विचारा. तो तुमच्या चासीसाठीचा आकडा असतो, शेजारच्या गाडीचा नव्हे.

आणि चाचणीला जाताना रोज चालवणार आहात तीच गाडी न्या. स्टिअरिंग सरळ होत नसेल तर हवा वाढवून ते लपवू नका. वरच्या विशबोनची बैठक मागे घेऊन कास्टर दुरुस्त करा. नापास झालात तर कारण लेखी मिळते आणि पुन्हा जाता येते. परक्या माणसाने आपल्या कामातली चूक मोफत नसली तरी माफक शुल्कात दाखवून द्यावी, यासारखी शिकवणी दुसरी नाही.

आता दोन शब्द आई-वडिलांशी. आपण मुलांना गणितात शंभर गुण मिळाले की पेढे वाटतो. तीच मुलगी शनिवारी हात काळे करून विशबोन मोजत बसली की ‘हे काम मेकॅनिकचे, तू अभ्यास कर’ म्हणतो. वरचे आकडे पुन्हा पाहा. त्यांत पायथागोरस आहे, त्रिकोणमिती आहे, आणि उत्तर चुकले तर टायर झिजून सांगतो. याहून चांगला अभ्यास मला ठाऊक नाही. दसऱ्याला आपण पाने-हातोड्यांना झेंडूची फुले वाहतो. ती धरणाऱ्या हातांनाही तेवढाच मान द्यायला हवा. शिवाय घरच्यांना या कामाची लाज वाटते असे मुलांच्या लक्षात आले, की ती विचारणे थांबवतात आणि रात्री एकट्याने, घाईत, चुकीचे काम करतात. तेव्हा पुढच्या वेळी ‘ही गाडी कितीला पडली?’ याऐवजी ‘कास्टर किती ठेवलास?’ असे विचारा. उत्तर आले नाही तर तिथेच थांबवा, आले तर सोबत बसून दोरी धरा.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्याशीही. आपल्या मंडळात हॉलच्या मागच्या रांगेत बसणाऱ्या आजोबा-काकांपैकी कोणी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलेले असते, कोणी टूलरूममध्ये शतांश मिलिमीटर सांभाळलेले असतात. पडद्यावर पाहिलेला व्हिडिओ तुमच्या गाडीवर मोजपट्टी लावून सांगणार नाही, ते सांगतील. मराठी अडखळत बोललात तरी चालेल. ‘काका, हा ओळंबा बरोबर धरलाय का?’ एवढे पुरे आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना करतो. मार्चमध्ये, या गाड्या बाहेर पडण्याआधी, एका रविवारी हॉलचा सपाट कारपार्क दुपारभर राखून ठेवा. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात, ज्यांच्याकडे मोजण्याचे कसब आहे त्यांनी ओळंबे आणावेत. त्या दिवशी कोणी पाना चालवायचा नाही, फक्त मोजायचे आणि लिहायचे. प्रत्येक गाडीचा एक कागद तयार होईल, कॅम्बर, कास्टर, टो, उंची आणि तारीख. पुढच्या हिवाळ्यात काही बदलावेसे वाटले तर सुरुवात त्या कागदापासून करता येईल.